अत्तर कोणी आणले, हा प्रश्नच चुकीचा (थ्रेड)

दिवाळी जवळ आली की सुगंधाच्या इतिहासावरून ठरलेला वाद पेटतो. एका पक्षाच्या मते भारताला सुगंध मोगलांनी दिला, अत्तर नूरजहाँने शोधले आणि त्याआधी इथली माणसे फुले माळण्यापलीकडे काही जाणत नव्हती. दुसरा पक्ष एकाच वाक्यात उत्तर देऊन मोकळा होतो : सगळे आपल्याकडे आधीच होते. पुरावा दोघेही देत नाहीत.

या गदारोळात तिसरा एक प्रकार खपून जातो, तो म्हणजे ‘प्राचीन भारतीय घरगुती परफ्यूम’ची कृती. गुलाबपाणी, लिंबाची साल आणि चिमूटभर कापूर बाटलीत भरून अंगावर फवारायचा. हा फवारा मारून उंब्रजला एसटीत बसलेल्या माणसाच्या अंगाला कराडचे स्थानक येईपर्यंत कसलाही वास उरत नाही. याला प्राचीन म्हणणे हा प्राचीनांवर अन्याय आहे. त्यांनी आयुष्ये खर्ची घातली ती नेमकी हीच फजिती टाळण्यासाठी.

प्रथम मोगलांचे मोगलांना देऊन टाकावे. जहांगीर (राज्यकाल १६०५ ते १६२७) आपल्या आत्मवृत्तात स्वच्छ लिहितो की, गुलाबपाणी काढताना गरम पाण्यावर जमणारा तेलकट थर नूरजहाँच्या आईने, अस्मत बेगमने, गोळा केला आणि सलीमा सुलतान बेगमने त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ हे नाव दिले. श्रेय द्यायचेच तर लेकीला नव्हे, आईला द्यावे. आणि तेही गुलाबाच्या तेलापुरते. त्या दरबाराच्या एक पिढी आधी अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त सुगंधी द्रव्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. माळव्याच्या सुलतानांच्या ‘निमतनामा’त, म्हणजे १५०० च्या आसपास, खाद्यपदार्थांच्या शेजारी सुगंधांच्याही कृती आहेत. तेव्हा ‘नूरजहाँने शोधले’ हे विधान मोगलांच्याच कागदपत्रांपुढे टिकत नाही.

पण खरी चूक याहून खोल आहे. फुलातून गंध काढणे ही एक कला. काढलेला गंध अंगावर धरून ठेवणे ही अगदी निराळी कला. वाद घालणारे दोन्ही पक्ष पहिलीविषयीच बोलतात. ऊर्ध्वपातनाचे भांडे भारतात नेमके केव्हा आले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते असोत. कारण ते भांडे नसतानाही गंध टिकवण्याचे शास्त्र इथे उभे होते, आणि ते भांडे तेल, मुळे, डिंक व लाकूड यांवर.

त्यामागचे कारण साधे आहे. गंध म्हणजे हवेत उडणारे कण. कापूर, लिंबाची साल, कोवळी फुले यांचे कण हलके, म्हणून ते पटकन नाकाशी येतात आणि तितक्याच पटकन निघून जातात. मराठी घरात डबीतला कापूर उडू नये म्हणून त्यात मिरे टाकून ठेवतात. त्या मिऱ्यांचा उपयोग कितपत होतो हा प्रश्न वेगळा, पण कापूर उडतो हे तिथे कोणाला शिकवावे लागत नाही. उलट चंदन, वाळा, नागरमोथा यांचे गंध जड. ते आधी दबलेले वाटतात आणि मागाहून तासन्‌तास रेंगाळतात. कोरडी कातडी गंधाला धरत नाही. तेलाचा पातळ थर त्याला सावकाश सोडतो. म्हणून हलक्याला जडाचा आधार द्यायचा आणि दोघांखाली तेल ठेवायचे. गंध टिकवण्याची विद्या मुळात एवढीच. बाकी तपशील, आणि त्या तपशिलातच इतिहास दडलेला आहे.

वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे सहाव्या शतकात, गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणे होतात, असा हिशेब त्यात येतो. गणिताचे अभ्यासक हा अध्याय आजही उघडतात, सुगंधाचे हौशी मात्र क्वचितच.

त्यानंतरचा मोठा साक्षीदार कृष्णाकाठचा धनी होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या उपभोगांची तपशीलवार वर्णने आहेत. उंब्रजपासून कृष्णेच्या प्रवाहाबरोबर काही कोस खाली गेले की लागणारे कऱ्हाड तेव्हा चालुक्यांच्या मांडलिक शिलाहारांचे ठाणे होते. सोमेश्वराचा बाप सहावा विक्रमादित्य तिथल्या राजकन्येच्या स्वयंवराला आल्याची कथा बिल्हणाने सांगितली आहे. मानसोल्लासात केतकी, चाफा अशा फुलांनी वासवलेल्या तिळांचे तेल काढायला सांगितले आहे. फुलांचा वास तिळांत मुरवून मग तीळ गाळायचे, म्हणजे गंध जन्मतःच तेलात बांधला जातो. त्या तेलाने अभ्यंग, मग उटणे, मग स्नान आणि त्यानंतर ऋतूप्रमाणे बदलणारे विलेपन. हा क्रम राजाचे चोचले म्हणून वाचणारा माणूस त्यातले शास्त्र हातचे घालवतो.

‘हे सारे संस्कृतात आणि राजांपुरते, मराठी माणसाचा त्याच्याशी काय संबंध?’ असा प्रश्न येतोच. त्याला उत्तर देणारा पुरावा पुण्यात होता आणि तो एका कोकणी माणसाने उजेडात आणला. देवरुखला जन्मलेले परशुराम कृष्ण गोडे (१८९१ ते १९६१) हे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे अभिरक्षक (क्युरेटर). गंगाधर नावाच्या लेखकाचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ या दोन ग्रंथांकडे त्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे आर. टी. व्यास यांनी संपादित केलेले हे दोन्ही ग्रंथ १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापले, सयाजीराव गायकवाडांच्या काळी सुरू झालेल्या ग्रंथमालेत. मानसोल्लासही त्याच मालेतून निघाला होता.

गंधसारात सुगंध सिद्ध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावन म्हणजे चूर्णाला सुगंधी द्रवात पुनःपुन्हा भिजवणे. पाचन म्हणजे उष्णतेने पक्व करणे. बोध आणि वेध या क्रियांत तीव्र द्रव्य अगदी थोडे घालून मूळचा गंध जागवतात. धूपनात धुरी देतात आणि वासनात ताज्या फुलांचा वास मुरवतात. शेवटच्या प्रकरणात द्रव्यांची वर्गवारी आहे : पाने, फुले, फळे, साली, लाकडे, मुळे, डिंक-राळ आणि कस्तुरीसारखी प्राणिज द्रव्ये. ही यादी नीट पाहावी. लाकूड, मूळ, राळ, कस्तुरी. गंध धरून ठेवणारी जड द्रव्ये म्हणून आजचे गंधकार ज्यांची नावे घेतात, ती बव्हंशी याच चार वर्गांतली आहेत.

आणि गंधवादाला टीका आहे ती मराठीत. ही गोष्ट थांबून वाचण्याजोगी आहे. टीका कोणी उगाच लिहीत नाही. जो कृती करून पाहणार आहे पण ज्याची संस्कृतात गती बेताची आहे, अशा वाचकासाठी ती लिहिली जाते. म्हणजे कित्येक शतकांपूर्वी सुगंध घडवण्याची विद्या मराठीत समजावून घेणारी माणसे होती. त्या टीकाकाराचे नाव राहिले नाही. नूरजहाँच्या नावाने भांडणाऱ्या आणि वेदांच्या नावाने उत्तर देणाऱ्या, दोन्ही पक्षांना या मराठीच्या चार ओळीही ठाऊक नसाव्यात, ही खरी शरमेची बाब आहे. मातृभाषेचा अभिमान मिरवायला घोषणा पुरते. पोथी उघडायला मात्र बसावे लागते.

आता पुन्हा उंब्रजला यावे. तारळी आणि कृष्णेच्या या संगमगावी, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एकाच्या गावी, नरकचतुर्दशीच्या पहाटे घराघरांत काय होते? आधी तेल, मग उटणे, मग ऊन पाणी. उटण्यात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, चंदन, गुलाबाच्या वाळल्या पाकळ्या. यात मुळे आणि कंद किती आहेत ते मोजावे. उटणे तेल शोषून घेते, पण सगळे नव्हे. जो पातळ थर मागे राहतो तोच वास धरतो. मारुतीचा शेंदूर तेलात कालवून लावतात, कारण कोरडा शेंदूर वाऱ्यावर जाईल. सहाणेवर उगाळलेले चंदन, वारकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का, हळदीकुंकवाला मनगटावर ओढलेली अत्तराची काडी, कानाच्या पाळीत खोचलेला फाया : प्रत्येक ठिकाणी गंधाला काही ना काही आधार दिलेला आहे, कुठे चूर्णाचा, कुठे तेलाचा, कुठे कापसाचा.

यावर कोणी म्हणेल की घरातल्या बायकांना हे शास्त्र म्हणून ठाऊक नव्हते, ती नुसती रीत होती. असेल. पण आज बाटलीत पाणी आणि सुगंधी तेल एकत्र ओतून ते का मिसळत नाही असे विचारणाऱ्यापेक्षा त्या रीतीला अधिक कळत होते. आणि सोमेश्वराच्या महालातला क्रम व कृष्णाकाठच्या मोरीतला क्रम एकच निघतो, तेव्हा पोथीने घराला शिकवले की घराने पोथीला, हे ठरवण्याचा अधिकार पोथीकडे आपोआप जात नाही.

जुने ते सारे जसेच्या तसे उचलावे, असेही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाला अभय दिले आहे; तेव्हा ‘अस्सल कस्तुरी’ विकणारा एक तर ठक आहे, नाहीतर गुन्हेगार. चंदनाचीही झाडे विरळ झाली आहेत. वाळा आणि नागरमोथा मात्र अजूनही काष्ठौषधींच्या दुकानात पुडीत बांधून मिळतात. तिळाच्या कोमट तेलात ते भरडून आठवडाभर मुरत ठेवले, गाळले आणि आंघोळीनंतर ओलसर अंगावर त्या तेलाचे दोन थेंब चोळले, की उंब्रजला चढलेला वास कराडच्या पुढेही सोबत येतो.