ज्यांचा अभ्यास झाला, त्यांनी अभ्यास करावा

हरसूलच्या आसपासच्या पाड्यातला मुलगा बी.ए.ला समाजशास्त्र घेतो, तेव्हा त्याची दोन कारणे सांगितली जातात. एक, विषय सोपा आहे. दुसरे, स्पर्धा परीक्षेला चालतो. दोन्ही कारणे व्यवहाराची आहेत आणि व्यवहाराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या या आदिवासी टापूत हा विषय घेण्याचे तिसरे, अधिक मोलाचे कारण आहे. ते मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

समाजशास्त्र मुळात एक सवय लावते. जे एकट्या माणसाचे नशीब वाटते, त्यामागची सामाजिक व्यवस्था शोधायची. फ्रान्सच्या एमिल दुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. इतकी खासगी कृती. पण तिचे प्रमाण धर्म, कुटुंब आणि देश यांनुसार बदलते, हे त्याने आकडे मांडून दाखवले.

हीच नजर हरसूलकडे वळवून पाहावी. भात-नागलीचा हंगाम आटोपला की या भागातली अनेक कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. विचारले तर प्रत्येक घर आपले कारण सांगेल: लग्नाचे देणे, दवाखाना, मेलेला बैल. पाड्यातल्या पन्नास घरांची कारणे एका कागदावर मांडली, तर पाणी, जमीन आणि उचल यांचे गणित दिसू लागेल. बँकेत मी वर्षानुवर्षे कर्जाचे अर्ज वाचले. त्यांत विहिरीला रकाना होता, बैलजोडीला होता. घरातले धान्य संपते त्या महिन्यांना नव्हता. आदिवासी विकास महामंडळाला खावटी कर्ज द्यावे लागले, ते याच महिन्यांसाठी. अर्ज एका घराचा असतो, अडचण अख्ख्या पाड्याची असते.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्यापासून समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुढे मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी तो वाढवला. आदिवासी म्हणजे 'मागासलेले हिंदू', असे घुर्ये यांनी १९४३ मध्ये मांडले. व्हेरिअर एल्विन यांचे मत वेगळे होते. वाद मोठ्या विद्वानांचा होता; मात्र ज्यांच्याविषयी होता, त्यांच्यापैकी कोणी त्यात बोलत नव्हते. उलट उदाहरणही आपल्याचकडचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला. ज्या व्यवस्थेचे चटके स्वतः सोसले, तिचीच त्यांनी शास्त्रीय चिरफाड केली. हरसूलच्या विद्यार्थ्यासमोर हा आदर्श हवा.

याची निकड किती, ते जुलै २०१५ मध्ये दिसले. हरसूलमध्ये हिंसाचार उसळला, दुकाने लुटली गेली, जाळली गेली. दोन समाजांतली दंगल, असे म्हणून विषय मिटवता येतो. गुन्हेगार शोधणे हे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम. त्याला पर्याय नाही आणि लुटीचे समर्थनही नाही. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुढचे विचारावे. बाजारपेठेत दुकाने कोणाची? उधारी कोणाच्या वहीत? माल कोणत्या भावाने जातो? अफवा कोणत्या वाटेने पाड्यावर पोचते? इतकी वर्षे शेजारी नांदलेल्यांना भांडण मिटवायला कोणती जागा उरली होती? उत्तरे मी गृहीत धरत नाही. परंतु हे प्रश्न गावातल्याच मुलांनी शांततेच्या काळात विचारले नाहीत, तर पुढच्या वेळी उत्तर पुन्हा दगडांनीच दिले जाईल.

आता तशी संधीही आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. ते श्रेयांक जुन्या प्रकल्पाची नक्कल करून मिळवायचे, की आठवडे बाजारात वही घेऊन बसून, हे प्राध्यापकांनी ठरवायचे आहे. या मुलांना कोकणा बोली येते; बोहाडा आणि डोंगऱ्यादेव त्यांच्या अंगणातले आहेत; कोणते घर कोणाचे देणे लागते, हेही ठाऊक आहे. परगावच्या संशोधकाला जे मिळवायला दोन वर्षे लागतील, ते त्यांच्यापाशी आधीच आहे. कमी आहे ती प्रश्न विचारण्याची शिस्त, आणि ती शिकवण्यासाठीच हा विषय आहे. गाइडमधल्या व्याख्या पाठ करून पदवी मिळेल. गाव मात्र कळायचे राहून जाईल.