घरातील ओल : परीक्षा सोपी, उपाय हाती

चंद्रपूर व गडचिरोली हे विपुल पावसाचे, वनांचे व धानाचे जिल्हे. येथील कित्येक घरे अजूनही मातीच्या अथवा कुडाच्या भिंतींची व कवेलूंच्या छपराची आहेत. पावसाळ्यात कणगीमागील भिंतीवर काळे-हिरवे डाग उमटतात, साठविलेल्या मोहफुलांना कुबट वास येतो. पावसाळ्यात असे व्हावयाचेच, असे समजून त्याकडे दुर्लक्ष होते. हे योग्य नव्हे. बुरशीचे सूक्ष्म बीजकण श्वासावाटे शरीरात जातात व दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. त्यात ओल्या सरपणाचा धूर मिसळला म्हणजे चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रियांना व लहान मुलांना दुहेरी अपाय होतो.

हवा तपासण्याची यंत्रे आता विकत मिळतात. परंतु बुरशीसाठी त्यांवर पैसा खर्चण्याची गरज क्वचितच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली यासंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातही बीजकणांची सुरक्षित मर्यादा ठरविलेली नाही; ओल व बुरशी दूर करण्यावरच भर आहे. यास्तव डोळे व नाक हीच पहिली साधने होत.

रात्रभर बंद असलेल्या खोलीत सकाळी बाहेरून येऊन वास घ्यावा. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दुसऱ्या दिवशी पाहावा. भिंतीकडील बाजूस दव धरले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडील बाजूस धरले तर घरातील हवाच दमट आहे. धान्यासाठी कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य व कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेस चिकटले तर ते धान्य साठवणीस योग्य नाही, त्यास पुन्हा ऊन द्यावे. साठवणीच्या धानात १४ टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा.

पाण्याची वाट न अडविता केवळ डाग पुसणे व्यर्थ होय. प्रथम गळकी कवेलू फेरावी, वळचणीचे पाणी चर खणून जोत्यापासून दूर न्यावे. कणगी भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवावी. नाकातोंडावर ओले फडके बांधून बुरशी खरवडावी व भिंत वाळल्यावर चुना द्यावा. सरपण वाळवूनच जाळावे. धुरास वर वाट ठेवावी.

पक्के घर म्हणजे कोरडे घर नव्हे. गळका स्लॅब व बंद खिडक्या यांमुळे सिमेंटच्या घरातही बुरशी वाढते. म्हणून ग्रामकार्यकर्त्याने घराच्या भिंती मोजताना त्यांवर हातही फिरवून पाहावा.