हळदी-कुंकू लावलेलं बदक

सोमवारी ऑफिसात ठरलेला प्रश्न आला, ‘‘वीकेंडला काय केलंस?’’ म्हटलं, ‘‘वाशीमला बदकं बघितली.’’ दोन सेकंद शांतता. मग शेजारच्या डेस्कवरून, ‘‘वाशीला? खाडीत का?’’

वाशी नाही हो, वाशीम! विदर्भातलं. पुण्याहून ट्रॅव्हल्सची अख्खी रात्र. बाबा गेल्यापासून संक्रांतीच्या आसपास मी घरी जातेच. यंदाही गेले आणि संध्याकाळी शेजारच्या काकू दारात. ‘‘आली का गं? ये बरं हळदी-कुंकवाला.’’ बोलावणं मला. शेजारी उभ्या असलेल्या आईला नाही. आई हसून म्हणाली, ‘‘तू जा, मी भाकरी टाकते.’’

२०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला. राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. आमच्या गल्लीत तो ठराव अजून पोहोचायचाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला स्कूटीवर बसवलं आणि थेट एकबुर्जी धरण गाठलं. वाशीमकर ज्याचं पाणी पितात, तेच हे धरण. काठाशी तपकिरी बदकांचा घोळका होता. आई म्हणाली, ‘‘सगळे तं सारखेच दिसतात.’’

इथेच सगळे फसतात, बॉस! म्हणून माझी सोपी पद्धत सांगते. आधी बदक जेवतं कसं ते बघा. बुडी मारून पूर्ण गायब झालं, तर ते डुबकी मारणाऱ्या जातीचं. नुसतं डोकं पाण्यात आणि शेपूट आभाळाकडे असेल, तर ते वरवर चरणारं. डुबक्यांना उडायला पाण्यावर धावपट्टी लागते. ही वरवर चरणारी मात्र लिफ्टसारखी सरळ वर उठतात.

मग चोच बघा. चमच्यासारखी पसरट असेल, तर तो थापट्या. शेपूट लांब, टोकदार असेल, तर नर तलवार बदक. हे दोघं हिवाळ्याचे पाहुणे, उत्तरेकडून येणारे. रंगावर मात्र फार विसंबू नका. यांच्या माद्या तपकिरी असतात आणि विणीनंतर झगमगीत नरही काही काळ तसेच मळकट दिसतात.

आईच्या हातात दुर्बीण दिली. ‘‘फक्त चोच पाहा.’’

फोकस जमायला वेळ लागला. मग ती एकदम म्हणाली, ‘‘अगं, यानं तं हळदी-कुंकू लावलंय!’’

काळी चोच, टोकाला पिवळी, कपाळापाशी दोन लाल ठिपके. उडताना पंखात पांढऱ्या काठाचा हिरवा पट्टा. शास्त्रज्ञांनी हीच चोच पाहून नाव ठेवलं, स्पॉट-बिल्ड डक. ठिपक्याच्या चोचीचं बदक. आपल्याकडे मराठीत त्याला खरोखरच म्हणतात हळदी-कुंकू बदक! आईनं न सांगता ओळखलं. आणि हे पाहुणं नाही, बारा महिने इथलंच.

‘‘यातली मादी कोणती?’’

‘‘सांगणं कठीण. नर-मादी जवळपास सारखेच. मादीचे लाल ठिपके जरा फिके असतात, एवढंच.’’

‘‘म्हणजे तोही लावते, तीही लावते.’’

‘‘हो.’’

दुर्बीण डोळ्यांवर तशीच ठेवून तिनं विचारलं, ‘‘आणि त्यातलं एक गेलं तं?’’

मला पटकन काही सुचेना. ‘‘चोचीचा रंग आहे तो, आई. पुसला थोडीच जाणार?’’

ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं बदकं उठली, सरळ वर, आणि पलीकडच्या काठाला गेली. आम्ही टपरीवर चहा घेतला. विषय निघाला तो गॅस सिलिंडरचा.

बुधवारी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. आई. दोनदा कट केला, तिसऱ्यांदा बाहेर जाऊन घेतला.

‘‘ऐक नं, रथसप्तमीपर्यंत करता येते ना हळदी-कुंकू? घरी बायांना बोलावते म्हणते. शेजारच्या काकूलाही. वाण काय द्यावं?’’

मी कॉरिडॉरमध्येच उभी राहिले. मीटिंग थांबू शकते. वाणाची लिस्ट नाही.