साखर कधी द्यायची?

बालमित्रांनो, धायरीच्या आमच्या वर्गातली एक मुलगी मधुमेहासाठी इन्शुलिन घेते. परवा ती डबा न खाताच खेळायला पळाली अन् तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. मी लगेच पाण्यात ३ चमचे साखर विरघळवून पाजली. "बाई, मधुमेह असताना साखर?" मुलं चक्रावली. अरे, इन्शुलिन घेतलं आणि जेवण चुकलं, की रक्तातली साखर ७०च्याही खाली उतरते. मेंदू उपाशी राहतो! १५ मिनिटांत ती सावरली, मग डबा खाल्ला.

पण माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात थेंबही घालू नका. तो श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर वळवा, मोठ्यांना हाक मारा, १०८ला फोन करा. पालकहो, घरी ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन ठेवावं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.