ट्रॅक्टर उलटला तरी माणूस वाचावा

ब्रिटनमध्ये कामावर असताना जीव जाण्याचा धोका कोणत्या मोठ्या धंद्यात सर्वांत अधिक, असे विचारले तर बहुतेक लोक खाणीचे किंवा इमारत बांधणीचे नाव घेतील. उत्तर आहे शेतीचे. तेथील हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी खात्याच्या आकड्यांनुसार २०२४-२५ या वर्षात ग्रेट ब्रिटनमध्ये १२४ कामकरी कामावर असताना मृत्यू पावले. त्यांपैकी २३ जण शेती, वनकाम व मासेमारी या क्षेत्रातले होते. या क्षेत्रात काम करणारे मात्र सर्व कामकऱ्यांत शंभरात एकाच्या आसपास आहेत. शंभरात एक माणूस आणि मृत्यूंत जवळजवळ पाचांत एक, असा हा विषम हिशेब आहे.

आपल्या बेटावर ऊस अजून उभा आहे, पण तो तोडणारे हात कमी झाले आहेत आणि त्यांची जागा यंत्रे घेत आहेत. म्हणून ब्रिटनने या प्रश्नाशी गेली साठ-सत्तर वर्षे कसा झगडा केला, काय साधले आणि काय राहून गेले, हे आपण पाहण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या शेतातून घोडा गेला आणि ट्रॅक्टर आला. हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० हा लहानसा करडा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्री येथे पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. चालकाला बसायला लोखंडी बैठक, वर उघडे आकाश. घोडा चढावर थांबतो, खड्ड्यापाशी बिचकतो. ट्रॅक्टरला ही समज नाही. ट्रॅक्टर उलटून त्याखाली माणसे चिरडू लागली तेव्हा सुरुवातीला सगळीकडे एकच उपदेश झाला : चालकाने सावध राहावे.

हा उपदेश अपुरा का पडला, हे यंत्राची गतिविद्या सांगते. ट्रॅक्टर दोन तऱ्हांनी उलटतो. पहिली तऱ्हा बाजूला कलंडण्याची. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलता ठेवलेला असतो, म्हणजे जमीन उंचसखल असली तरी चारही चाके टेकून राहतात. त्यामुळे चौरंगासारखी दिसणारी ही गाडी प्रत्यक्षात तिपाईसारखी उभी असते. तिचे दोन पाय म्हणजे मागची चाके आणि तिसरा पाय म्हणजे पुढची खिळी. गुरुत्वमध्यातून खाली येणारी रेघ या त्रिकोणाबाहेर गेली की गाडी कलंडते. वळणावर वेग दुप्पट केला तर बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. स्कॉटलंडमध्ये पेनिक्विक येथील शेती अभियांत्रिकी संस्थेने उतारावरील ट्रॅक्टरचा अभ्यास केला. त्यातून दिसले की अनेकदा चाकांची पकड आधी सुटते, ट्रॅक्टर घसरत जातो आणि मग उलटतो. म्हणजे आज कोरड्या गवतावर जो उतार सोपा वाटला, तोच उद्या पावसानंतर घातक ठरू शकतो.

दुसरी तऱ्हा मागे उलटण्याची. मागची चाके चिखलात रुतली आणि चालकाने क्लच एकदम सोडला, तर इंजिनाला चाके फिरवता येत नाहीत. मग ते ट्रॅक्टरचे धूडच चाकांभोवती फिरवू लागते आणि पुढची चाके हवेत उचलली जातात. ओढण्याची साखळी मागच्या आसाच्या वर बांधली असेल तर हा धोका अधिकच वाढतो. परत सावरता येईल असा क्षण एका सेकंदाच्या आत निघून जातो. काय होते आहे हे चालकाच्या ध्यानात येऊन त्याचा पाय क्लचवर जाईपर्यंत खेळ संपलेला असतो. अशा ठिकाणी सावधगिरी हवीच, पण एकटी सावधगिरी पुरत नाही.

म्हणून अभियंत्यांनी प्रश्नच बदलला. ट्रॅक्टर उलटू नये एवढेच न पाहता, उलटला तरी आतल्या माणसाभोवती जागा शिल्लक कशी राहील, हे त्यांनी पाहिले. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर मजबूत केबिन किंवा चौकट सक्तीची केली. ब्रिटनने १९६७ साली ट्रॅक्टर केबिनचे नियम केले. १ सप्टेंबर १९७० पासून नव्या ट्रॅक्टरना आणि १ सप्टेंबर १९७७ पासून मजूर चालवतात त्या जुन्या ट्रॅक्टरनाही मान्यताप्राप्त केबिन अथवा चौकट आवश्यक झाली. मालकांना तयारीला वेळ मिळाला, पण तारीख आधीच ठरलेली होती.

बेडफर्डशायरमधील सिल्सो येथे राष्ट्रीय शेती अभियांत्रिकी संस्था होती. तेथे या केबिनची परीक्षा होई. परीक्षा साधी पण कठोर असे. साखळ्यांना टांगलेले दोन टनांचे वजन लंबकासारखे मागे नेऊन चौकटीवर सोडायचे आणि मग वरून प्रचंड भार द्यायचा. चौकट वाकली तरी चालेल, किंबहुना थोडी वाकून तिने तडाखा पचवावा. मात्र चालकाच्या बैठकीभोवती आखून दिलेल्या जागेत तिचा कोणताही भाग शिरता कामा नये.

याचा गुण आला का? स्वीडनमध्ये उलटलेल्या ट्रॅक्टरखाली मरणाऱ्यांचे प्रमाण दर लाख ट्रॅक्टरमागे वर्षाला सुमारे १२ होते. १९९० पर्यंत ते एकाच्याही खाली आले. ट्रॅक्टर उलटण्याचे थांबले नव्हते, पण आतली माणसे जिवंत घरी जाऊ लागली.

मात्र एका रोगावरचे औषध दुसरा रोग घेऊन आले. पहिल्या केबिन म्हणजे पत्र्याच्या पेट्याच. इंजिनाच्या कंपनाने पत्रा थरथरे आणि आतला आवाज घुमून उघड्या ट्रॅक्टरपेक्षाही वाढे. जीव वाचला, पण कान जाऊ लागले. तेव्हा १९७४ च्या नियमांनी चालकाच्या कानापाशी ९० डेसिबलची मर्यादा घातली आणि १९७६ पासून नव्या ट्रॅक्टरना ती लागू झाली. कारखानदारांना केबिन रबराच्या टेकूंवर बसवावी लागली आणि आतून आवाज शोषणारे अस्तर द्यावे लागले. एक सुधारणा केली म्हणजे काम संपले असे होत नाही, तिचे परिणामही मोजावे लागतात, हा याचा धडा.

दुसरा धडा आपल्याला अधिक जवळचा आहे. १९७७ ची सक्ती मजुरांच्या रक्षणासाठी होती. जो शेतकरी स्वतःचा जुना ट्रॅक्टर स्वतःच चालवी, तो या सक्तीबाहेर राहिला. पगारी माणसाच्या डोक्यावर चौकट आली आणि घरधनी मात्र उघडाच बसला. काम करताना वापरायच्या सर्व साधनांसंबंधी १९९८ साली जे नियम झाले, त्यांत स्वतःचा धंदा करणारेही आले. पण तेथे आजही शेतीत मरणाऱ्यांत मालक आणि त्यांचे कुटुंबीय असतातच. सिल्सोची संस्थाही २००६ साली बंद झाली. धोके मात्र नवे रूप घेत आहेत. चार चाकांच्या लहान क्वाड गाड्यांवर ब्रिटनमध्ये सरासरी वर्षाला दोन जण मरतात. ऑस्ट्रेलियाने २०२१ साली नव्या क्वाडना उलटण्यापासून बचाव करणारी चौकट सक्तीची केली. ब्रिटनने तशी सरसकट सक्ती केलेली नाही.

आपल्याकडे २००५ सालचा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य कायदा आहे. मोठ्या इस्टेटीवर निरीक्षक जातो, तेथे कागदपत्रे असतात. पण आपल्यापैकी पुष्कळांचे मळे लहान, वडिलोपार्जित आणि उताराचे. दगडांच्या राशींमधून वाट काढत, शेजाऱ्याचा किंवा भाड्याचा ट्रॅक्टर घेऊन, रविवारी भाऊ आणि मुलगे मिळून काम उरकतात. तेथे निरीक्षक येणार नाही. ब्रिटनच्या कायद्याने जो घरधनी बाहेर ठेवला होता, तो आपल्याकडे हाच.

म्हणून काही गोष्टी घरातच ठरवल्या पाहिजेत. जुना ट्रॅक्टर विकत घेताना किंवा भाड्याने आणताना आधी चौकट पाहावी, मग रंग. चौकट असेल तर बैठकीचा पट्टा बांधावा, नाही तर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखाली सापडतो. चौकटच नसेल तर पट्टा बांधू नये, कारण मग तो माणसाला ट्रॅक्टरशी जखडून ठेवतो. मागच्या अवजाराला शक्ती देणारा दांडा बहुधा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. सदऱ्याचे टोक त्यात अडकले तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. त्यावरचे आवरण काढून ठेवू नये. ब्रिटनमध्ये १३ वर्षांखालील मुलाला शेतीच्या यंत्रावर बसवणे गुन्हा आहे. आपणही नातवाचा हट्ट तेथे पुरवू नये. आणि खाली उतरण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात : हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी.

आपल्या पूर्वजांनी या बेटावरचे दगड हातांनी उचलले. त्या कष्टात पाठी मोडल्या, पण त्यांना दुसरा इलाज नव्हता. आज इलाज आहे, आणि तो कसाला लावलेला आहे. नवी लोखंडी चौकट बसवायची झाली तर खर्च येतो, हे खरे. पण घरधनी गेल्यावर जो खर्च येतो, तो कोणत्याही मळ्याच्या उत्पन्नातून भरून निघत नाही.