पिकल्या मिशांचा 'बॉय'

इंग्रजीतून आलेल्या शब्दांवर सरसकट हद्दपारीचा हुकूम बजावणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. टेबल, पेन्सिल, स्टेशन हे शब्द आमच्या घरांत मुरले आहेत. ते सुखाने नांदोत. परंतु 'बॉय' या एका शब्दाविषयी आम्हांस तक्रार करावयाची आहे. मुलगा या अर्थी तो क्रमिक पुस्तकात असला तर असो. आमचा आक्षेप आहे तो वॉर्डबॉय, ऑफिसबॉय आणि अलीकडे घरोघरी पोहोचलेला 'डिलिव्हरी बॉय' या प्रयोगांस. राजारामपुरीत रात्री जेवणाची पुडकी घेऊन जिना चढणारा मनुष्य पुष्कळदा चाळिशी ओलांडलेला, लेकुरवाळा असतो. दार उघडणारा कॉलेजातला विद्यार्थी आत वळून सांगतो, "डिलिव्हरी बॉय आलाय." घरात कोणास यात वावगे वाटत नाही, हेच आम्हांस वावगे वाटते.

कोणी म्हणतील, शब्दाचा अर्थ रूढीने ठरतो. अपमानाचा हेतू येथे कोठे आहे? हेतू नसेल, पण रूढी कोणाची ते पाहावे. जुन्या इंग्रजी ग्रंथांतून हा शब्द 'चाकर' या अर्थाने वावरतो, आणि तो अर्थ 'मुलगा' या अर्थाहून मागाहून चिकटलेला नाही. लॅटिनातही 'पुएर' म्हणजे मुलगा आणि गुलामही. धन्याच्या लेखी चाकर कधी वयात येतच नाही! हिंदुस्थानातल्या साहेबाने पन्नाशीच्या नोकरासही हीच हाक मारली. यूल व बर्नेल यांच्या 1886 सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात तर पालखी वाहणारा या अर्थी असलेल्या 'बॉय' शब्दाचे मूळ दक्षिणेतील भोई लोकांच्या जातिनामात दाखविले आहे. साहेबाच्या कानाला भोई आणि बॉय एकच ऐकू आले यात नवल नाही. दोघेही त्याचेच ओझे वाहत होते.

अमेरिकेत गोऱ्यांनी काळ्या प्रौढांस हाच शब्द लावला. 1968 साली मेम्फिस शहरातील कृष्णवर्णी सफाई कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या हातांतील फलकांवर 'आय ॲम अ मॅन' एवढीच अक्षरे होती. 2006 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मागेपुढे विशेषण नसतानाही हा शब्द वर्णद्वेषाचा पुरावा ठरू शकतो. संदर्भ, स्वर आणि स्थानिक रूढी पाहाव्या. आमच्याकडे स्वर सौम्य असतो, हे खरे. रूढीचे काय?

गंमत अशी की, आमची बोली या बाबतीत लेखणीपेक्षा सुसंस्कृत आहे. रुग्णालयात अडलेला मनुष्य 'वॉर्डबॉय' म्हणून हाक मारीत नाही. तो 'मामा' म्हणतो, 'मावशी' म्हणतो. कोल्हापुरात तर अनोळखी माणूसही 'भावा' असतो. नात्याच्या हाकेने पगार वाढत नाही, असे यावर म्हटले जाईल. नाहीच वाढत. परंतु 'बॉय' शब्दाने तो कमी ठेवणे सोपे होते, कारण पोराला संसार नसतो, त्याच्या हातावर काहीतरी ठेवले की भागते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या लोकांची गणना कामगारांत केली आहे. आमच्या दिवाणखान्यात ते अजून पोरच आहेत. उलट चहाच्या गाड्यावर कपबशा विसळणारा जो खराच बारा वर्षांचा पोर, त्याला या गर्दीत कोणी पाहत नाही. चौदा वर्षांखालील मुलास कामास लावण्यास 2016 च्या दुरुस्तीने सरसकट मनाई आहे, घरच्या धंद्यातील मदतीसारखे अपवाद वगळता. मोठ्याला लहान म्हणता म्हणता लहानाचे लहानपण आमच्या डोळ्यांआड गेले.

याच शहरात शाहू छत्रपती गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलापाशी गाडी थांबवून चहा घेत असत. चहा देणाऱ्याचे नाव कोल्हापूरकरांस शंभर वर्षांनंतरही पाठ आहे. आज तर आणणाऱ्याचे नाव तो येण्यापूर्वीच मोबाइलवर उमटते, आणि तरीही आम्ही त्याला 'बॉय'च म्हणतो.

पर्यायी शब्द नाही, ही सबब चालणार नाही. दूधवाला आहे, पेपरवाला आहे; सरकारी जाहिरातींत 'कक्षसेवक' आहे. आणि इंग्रजीच हवे असेल तर त्याच जिन्याने वर येणाऱ्या टपालवाल्यास आम्ही 'पोस्टबॉय' का म्हणत नाही? तो 'पोस्टमन' झाला, कारण त्याच्या मागे सरकार उभे आहे.

काही गृहसंस्थांतून 'डिलिव्हरी बॉयने लिफ्ट वापरू नये' असे फलक लागतात. आमच्या वाचकांपैकी जे अशा संस्थांच्या कार्यकारिणीवर असतील, त्यांनी आपल्या जिन्यात असा फलक असल्यास प्रथम तो उतरवावा. शब्दाचा विचार मग सवडीने करता येईल.