निष्ठेचा उपदेश आणि रिकामे वर्ग

लातूर-नांदेडच्या कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेचे वर्ग ओस पडतात आणि उद्योग भवन किंवा श्यामनगर परिसरातील खाजगी शिकवण्या ओसंडून वाहतात, हे आता कोणाला नवे नाही. त्यावर अध्यापककक्षात लागणारा सूरही ठरलेला असतो. मुले स्वार्थी झाली. मैदान, स्नेहसंमेलन, मराठीचा तास, कशाशीच त्यांना देणेघेणे उरले नाही. या सुरात सत्यापेक्षा सोय अधिक आहे.

असाच सूर अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलपटूंविरुद्ध लागला होता. तेथे हंगामाच्या अखेरीस ‘बोल’ नावाचे मानाचे सामने होतात. २०१६ च्या आरंभी अशाच एका सामन्यात नोत्र दामच्या जेलन स्मिथचा गुडघा निकामी झाला आणि व्यावसायिक संघांच्या निवडीत तो अपेक्षेपेक्षा खाली घसरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री यांनी आपापल्या विद्यापीठाचा बोल सामना खेळण्यास नकार दिला. सहकाऱ्यांना वाऱ्यावर सोडले, अशी ओरड झाली. परंतु त्या काळी खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे वेतन नव्हते, प्रशिक्षक मात्र लक्षावधी डॉलर घेत आणि अधिक चांगली नोकरी मिळाल्यास बोल सामन्याआधीच निघून जात. शिवाय २०१४ पासून विजेतेपद ठरवणारी वेगळी फेरी सुरू झाल्याने इतर बोल सामन्यांचे महत्त्व आयोजकांनीच ओसरू दिले होते. सामन्यातला अर्थ आधी गेला, खेळाडू नंतर.

लातूरचा इतिहास याच क्रमाचा आहे. ‘लातूर पॅटर्न’ जन्माला आला तो राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांच्या वर्गांत. जादा तास, सराव परीक्षा, बोर्डाच्या गुणवत्ता याद्या हे त्याचे वैभव. बारावीच्या गुणांवर भवितव्य ठरत होते तोवर मुले वर्गात होती. ‘नीट’ आल्यावर वैद्यकीय प्रवेशापुरती बारावी ही किमान गुणांची अट उरली. खेळाच्या सवलतीचे गुण बोर्डाच्या निकालात मिळतात, नीटच्या गुणपत्रिकेत नाहीत. गाव तेच, पालक तेच, मुलेही तशीच. बदलले ते परीक्षेचे वजन. मग चारित्र्याचा ऱ्हास कोणाचा झाला?

सक्तीने हा प्रश्न सुटत नाही. २०१८ मध्ये राज्य शासनाने काही विभागांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी आणली. बोटाचा ठसा उमटवता येतो, मनाचा नाही. क्रिकेट नियामक मंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रेयस अय्यर आणि इशान किशन यांना वार्षिक करारांतून वगळले, तेव्हा रणजी स्पर्धेपासून दूर राहण्याची ती शिक्षा मानली गेली. एप्रिल २०२५ मध्ये दोघेही करारांत परतले. आयपीएलपुढे रणजीचे मोल किती, हा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

मराठीची कथा याहून बोचरी आहे. २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची झाली ती दहावीपर्यंत. अकरावीत ती माहिती तंत्रज्ञान विषयाच्या शेजारी पर्याय म्हणून उभी केली जाते. द्विलक्ष्यी विषय घेणाऱ्याला तर दुसरी भाषाच घ्यावी लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपण अभिजात दर्जाचे पेढे वाटले, आणि सोळा वर्षांच्या मुलाला मराठी सोडण्याची राजरोस सोय तशीच ठेवली. ती सोय त्याने वापरली की त्याला भाषाद्रोही ठरवायचे, हा कोणता न्याय? युवकभारतीतील कविता अपेक्षित प्रश्नोत्तरांत बसवून शिकवणाऱ्यांनी तरी तो आरोप करू नये.

मग मुलांचे गणित बरोबर आहे काय? येथे मात्र तुलना थांबते. मॅकॅफ्री सामना सोडून गेला, कारण व्यावसायिक करार जवळपास त्याच्या हाती होता. पुढच्या वर्षीच्या निवडीत तो आठवा आला. लातूरच्या मुलाच्या हाती काय असते? २०२४ मध्ये देशभरातून नीट दिली सुमारे २३ लाखांनी. एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाहून थोड्या अधिक. म्हणजे बहुतेकांनी मैदान सोडले, भाषा सोडली, महाविद्यालयातली दोन वर्षे सोडली, ती न मिळणाऱ्या जागेसाठी. खरी फसवणूक या मुलांची आहे, आणि यशस्वी मुलांच्या छायाचित्रांनी भरलेल्या फलकांवर त्यांना जागा नसते.

म्हणून मराठीच्या अध्यापकाने निष्ठेची भीक मागणे सोडावे. मागणी शासनाकडे करावी : बारावीपर्यंत मराठीला पर्यायांच्या रांगेतून बाहेर काढा आणि महाविद्यालयीन वर्षांना प्रवेशप्रक्रियेत काही वजन द्या. आणि एक मागणी स्वतःकडे करावी : जागा न मिळालेल्या मुलाच्या पदरात आपल्या तासाने काय टाकले? वाचलेले समजणे, स्वतःचे म्हणणे मांडता येणे, अपयशाचा अर्थ लावता येणे, एवढे जरी त्या तासात मिळाले, तरी त्या तासाला येण्यासाठी निष्ठेचे कारण लागणार नाही.